कॅपिटल टीने खाल्लेले चार दिवस

आमच्या शोधनिबंधाच्या रिव्ह्यूअरची मागणी एका ओळीची होती: विश्लेषणाचा कोड असा द्या, की दुसऱ्या कुणालाही चालवता येईल. आरएनए-सीक्वेन्सिंगचं, म्हणजे कुठली जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजायचं, ते काम माझ्या लॅपटॉपवर वर्षभर बिनतक्रार चालत होतं. दोन दिवसांत उरकेल, असं सरांना सांगूनही टाकलं.

स्नेकमेक या कामं क्रमाने चालवणाऱ्या साधनात पायऱ्या बांधल्या, पॅकेजच्या आवृत्त्या पक्क्या केल्या, सगळं उबुंटूच्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागणारं सॉफ्टवेअर सोबत नेणाऱ्या डब्यात, भरलं. आमच्या क्लस्टरवर, म्हणजे सामायिक संगणकसमूहावर, डॉकर हे नेहमीचं कंटेनर-साधन चालू देत नाहीत, म्हणून ॲपटेनर हे दुसरं. इथवर ठीक.

निकाल मात्र उलटा आला. जनुकं तीच, पी-व्हॅल्यू त्याच, पण लॉग फोल्ड चेंजची (जनुक किती वाढलं-घटलं त्या आकड्याची) सगळी अधिक-उणे चिन्हं फिरलेली. औषधाने वाढलेली जनुकं आता घटलेली! व्होल्केनो प्लॉट हा त्यांचा आलेख आरशात बघावा तसा. चार दिवस मी आवृत्त्याच उकरत बसले. डीईसेक२ हे गटांची तुलना करणारं पॅकेज पुन्हा टाकलं, अलाइनमेंट नव्याने चालवली, क्लस्टरच्या रांगेत रात्री घालवल्या. यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणाऱ्या रँडम सीडवरही संशय घेतला. त्याचा तर इथे संबंधच नव्हता.

घोळ नमुन्यांच्या तक्त्यात होता. ‘कंट्रोल’ स्मॉल सीने लिहिलेलं, ‘ट्रीटेड’ कॅपिटल टीने. आपण काही सांगितलं नाही, तर वर्णक्रमात आधी येणारा गट डीईसेक२ संदर्भ म्हणून धरतं आणि दुसऱ्याची तुलना त्याच्याशी करतं. लॅपटॉपच्या इंग्रजी लोकेलमध्ये (भाषेनुसार वर्णक्रम ठरवणारी सेटिंग) सी हे अक्षर टीच्या आधी, मग ते स्मॉल असो की कॅपिटल. कंटेनरमध्ये ते लोकेलच नव्हतं, त्यामुळे ‘आर’ ही विश्लेषणाची प्रोग्रॅमिंग भाषा गुपचूप ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलवर गेली, आणि त्यात सगळी कॅपिटल अक्षरं स्मॉलच्या आधी लागतात. गुपचूप तरी कसं म्हणू? प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलीत अगदी सुरुवातीला इशारा छापलेला होता. मी रोज तो सरकवून खाली जात होते.

‘आर’मधल्या रीलेव्हल या आज्ञेने ‘कंट्रोल’ हा संदर्भ गट ठरवला, एका ओळीत मिटलं. तुम्ही ती ओळ पहिल्याच दिवशी लिहा. कंटेनरमध्ये लोकेलही टाका.

कोडला झेनोडो या संशोधन-साठ्यावर डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो. कच्च्या फाइली तिथे कोंबू नका, एका नोंदीला 50 जीबीची मर्यादा आहे. सोबत दोन-तीन छोटे नमुने ठेवा, म्हणजे क्लस्टर नसलेल्यालाही चालवून बघता येईल.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: पाठवण्यापूर्वी प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या कुणाला तरी चालवायला द्या. मी ज्युनियरला दिलं. पाचव्या मिनिटाला तो म्हणाला, “ताई, हे तुझ्या डेस्कटॉपवरचं फोल्डर मागतंय.”