स्पीकर नेमका कुणाचा?

बेळगावच्या सुवर्णसौधला, म्हणजे कर्नाटकच्या इथल्या विधानभवनात, हिवाळी अधिवेशन लागलं की हलग्याकडं नुसते मोर्चे आणि बंदोबस्त, आणि आमच्या ग्रुपवर राजकारण. यंदा कुणीतरी विचारलं, स्पीकर सभागृहाचा की सरकारचा? मी इंग्लंडच्या पार्लमेंटचा जुना स्पीकर जॉन फिंच, त्याचं नाव टाकलं तर कुणी ओळखलंच नाही, म्हणून हे लिहितोय.

इंग्लंडचा पहिला चार्ल्स १६२५ ला गादीवर आला आणि पहिल्यापासून पैशावरून त्याचं पार्लमेंटशी वाजलं. १६२८ ला पार्लमेंटनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं की आमच्या संमतीशिवाय कर नाही, कारण न सांगता कुणाला आत टाकायचं नाही. पठ्ठ्यानं मान्य केलं आणि जकात घेतच राहिला. २ मार्च १६२९ ला राजाचा हुकूम आला, सभागृह तहकूब करा. स्पीकर होता हाच फिंच, तो उठायला लागला तर डेन्झिल होल्स आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन या सभासदांनी त्याला धरून खुर्चीत दाबला, आणि होल्स म्हणाला, आम्ही उठेपर्यंत तू बसायचंस! फिंच रडतोय, बाहेर राजाचा माणूस दार ठोठावतोय, आणि आत आरडाओरड्यात ठराव पास, की संमतीशिवायची जकात जो भरेल तोसुद्धा देशाचा वैरी. त्यानंतर चार्ल्सनं ११ वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही.

खरं पैसा कुठनं आणणार? मग शिप मनी. जुना रिवाज असा की संकट आलं की किनाऱ्यावरच्या लोकांनी जहाजं नाहीतर पैसे द्यायचे. ह्यानं युद्ध नसताना लावला आणि १६३५ पासून आतल्या जिल्ह्यांवर पण. म्हणजे कारवारच्या जहाजांसाठी निपाणीवाल्यांकडून पट्टी वसूल करायची की! बकिंगहॅमशायरच्या जॉन हॅम्पडेनवर एका जमिनीपोटी २० शिलिंग बसले, त्याला ते काय जड नव्हते, खरं भरले नाहीत. केस १२ न्यायाधीशांपुढं गेली, १६३८ ला राजा ७ विरुद्ध ५ नं जिंकला. आणि त्या ७ मध्ये कोण, तर आमचे फिंचसाहेब, आता चीफ जस्टिस! राज्याच्या रक्षणाचा राजाचा अधिकार काढून घेणारा पार्लमेंटचा कायदाच रद्दबातल, असं त्यानं सांगितलं. लोक निकालापेक्षा ह्यावर जास्त भडकले, हॅम्पडेन हरून हिरो झाला आणि पुढच्या वर्षी वसुली ढासळली.

स्कॉटलंडच्या लढाईनं खजिना रिकामा झाला तेव्हा १६४० ला पार्लमेंट बोलवावंच लागलं. त्यांनी फिंचवर महाभियोग लावला, तर गडी हॉलंडला पळाला. ४ जानेवारी १६४२ ला चार्ल्स स्वतः हत्यारबंद माणसं घेऊन ५ सभासदांना पकडायला आला, त्यात हॅम्पडेन आणि तोच होल्स. पाचही आधीच सटकलेले. राजानं विचारलं कुठं आहेत, तर नवा स्पीकर विल्यम लेंथॉल गुडघ्यावर बसून म्हणाला, सभागृह सांगेल तेवढंच मला दिसतं आणि तेवढंच मी बोलतो. खुर्ची तीच, मध्ये १३ वर्षं सुद्धा झाली नव्हती.

पुढचं माहीत असतंय सगळ्यांना. राजा आणि पार्लमेंटची यादवी, ३० जानेवारी १६४९ ला राजाचं डोकं उडवलं, मग पार्लमेंटचाच सेनापती क्रॉमवेलनं १६५३ ला शिपाई आणून उरलेलं पार्लमेंट हाकललं (ह्याला काय म्हणायचं सांगा). १६६० ला दुसरा चार्ल्स आला, मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडावर देणारा तोच हा. त्यानं बापाला मारणाऱ्यांवर खटले चालवले, आणि त्यासाठी नेमलेल्या मंडळात म्हातारा फिंच होता आणि त्याला खुर्चीत दाबणारा होल्सपण.