दुसऱ्या मजल्यावरचं दप्तर

आमच्या पतसंस्थेचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. 25 वर्षांची कर्जप्रकरणं, व्हाउचरचे गठ्ठे, जुन्या किर्द-खतावण्या यांनी मागचा हॉल गच्च भरला होता. म्हणून संचालक मंडळाने कॉम्पॅक्टर, म्हणजे रुळांवर सरकणारी, एकमेकांना चिकटणारी कपाटं, घ्यायचं ठरवलं. मधल्या वाटा जातात, तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट दप्तर बसतं, असं विक्रेत्याने सांगितलं होतं. स्लॅबला पेलेल का, असं मी विचारलं. "मजबूत आरसीसी आहे हो मॅडम," एवढंच उत्तर मिळालं. आकडा कुणीच सांगेना.

स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. मी नगरपालिकेने मंजूर केलेला नकाशा पुढे केला, पण त्यात खोल्या आणि जिने होते, सळ्या नव्हत्या. आरसीसीची ड्रॉइंग तीन आठवड्यांनी जागामालकांच्या माळ्यावर सापडली. हॉलसाठी धरलेला भार होता चौरस मीटरला साधारण 250 किलो. इमारतींवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात कार्यालयाला हाच आकडा आहे, पण साठवणीची खोली वेगळी असेल तरच. नसेल तर 400. रेकॉर्ड रूमला 500.

मग आमच्या कागदांचं वजन किती? रद्दीवाल्याकडून काटा आणला. शिपाईमामांनी एक कपाट खणाखणाने रिकामं करून तोललं. कागद 190 किलो, रिकामं कपाट 55, एकूण 245. कपाट 90 सेंटिमीटर रुंद, 45 खोल. त्याच्या पायाखालच्या जागेपुरता हिशेब केला तर चौरस मीटरला 600 च्या वर जात होता! माझ्या पोटात गोळाच आला. इंजिनिअर सरांनी शांतपणे कपाटासमोरची 90 सेंटिमीटरची वाट हिशेबात धरली, तेव्हा सरासरी 200 वर आली. इतकी वर्षं ती मोकळी वाटच स्लॅबला सांभाळत होती, आणि कॉम्पॅक्टर नेमकी तीच भरून टाकणार होता.

सरांनी सळ्या शोधणारं यंत्र फिरवलं, काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर मारून पाहिला, खालच्या मजल्यावर जाऊन छत तपासलं. स्लॅब ड्रॉइंगप्रमाणेच होता. फक्त बाथरूमकडच्या कोपऱ्यात गळतीने सळी गंजून प्लास्टर फुगलं होतं. मी लोड टेस्टचं विचारलं. त्यात धरलेल्या भाराच्या सव्वापट वजन 24 तास ठेवून स्लॅब किती वाकतो आणि वजन काढल्यावर किती परत येतो ते मोजतात. सर म्हणाले, "जे गणितातच बसत नाही, ते स्लॅबवर ठेवून कशाला बघायचं?"

मंडळाने ते ऐकलं. कॉम्पॅक्टरसाठी तळमजल्यावरचा गाळा घेतला आणि रुळांखाली नवं काँक्रीट टाकलं. कोपऱ्याची गळती काढून सळीही दुरुस्त करून घेतली. वर आता फक्त चालू प्रकरणं, तीही बीमच्या रेषेत. वाटांच्या दोन्ही कडांना मी पिवळा पट्टा मारून घेतलाय. तिथे एक खोकंसुद्धा कुणाला ठेवू देत नाही.