पिंजरा शेवटी आला

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. आमच्या घरी आफ्रिकन ग्रे जातीचा करडा पोपट आहे हे कळले की पहिल्या भेटीत "बोलतो का?" आणि दुसऱ्या भेटीत "आम्हीही घ्यावा म्हणतो, काय काय तयारी करावी लागते?" हे प्रश्न ठरल्यासारखे येतात. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुधा मोबाइल असतो आणि त्यावर एखाद्या देखण्या पिंजऱ्याचे चित्र असते. आमची तयारी चौदा महिने चालली आणि त्यातले पिंजऱ्यासाठी गेले ते जेमतेम दोन दिवस. उरलेला काळ कशात गेला, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सुरुवात वयाच्या हिशेबाने झाली. नीट सांभाळला तर हा पक्षी ४० ते ६० वर्षे जगतो आणि मी त्या वेळी ४९ वर्षांची होते, म्हणजे माझ्यानंतर त्याचे कोण करणार हे आधी ठरवणे भाग होते. मुलगा शिक्षणासाठी बाहेर पडण्याच्या बेतात असल्याने मी भाचीला विचारले. ती २३ वर्षांची, नुकतीच नोकरीला लागलेली. "मावशी, विचार करून सांगते," असे म्हणून तिने सहा आठवडे घेतले, आणि मला तिचे ते सहा आठवडेच आवडले. तिथल्या तिथे होकार दिला असता, तर मीच दुसरे माणूस शोधायला लागले असते. तिने एक अट घातली. पक्षी आल्यापासून महिन्यातला एक रविवार ती आमच्याकडे येणार, कारण हे पोपट पुष्कळदा घरातल्या एकाच माणसाला धरून राहतात आणि परक्याच्या हातात गेले की हाय खातात, हे तिने स्वतःच वाचून काढले होते. तिचे नाव मृत्युपत्रात रीतसर घातले तेव्हा वकिलांनी चष्म्यावरून पाहिले, पण लिहून घेतले.

पक्षी कुठून आणायचा, यावर चार महिने गेले. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलांतून हे पोपट इतक्या प्रमाणात पकडले गेले की घानासारख्या देशात, जिथे त्यांचे थवेच्या थवे दिसत, तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्यांचा समावेश झाला आणि जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. म्हणून पाळीव जोडीपासून झालेले, पायात अखंड कडे असलेले पिल्लूच घ्यायचे, हे आम्ही ठरवले होते. असे कडे पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात सरकवता येते, नंतर पंजा मोठा झाल्यावर ते चढत नाही, त्यामुळे पिल्लू पाळीव जोडीचे असल्याची ती एक खूण असते.

पहिल्या विक्रेत्याने आमच्यासमोर प्लास्टिकच्या डब्यात भुशावर बसवलेली, अर्धी उघडी पिल्ले ठेवली आणि "आत्ताच न्या, हाताने भरवलेत की लळा लागतो," असे सांगितले. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो विक्रेत्याच्या सोयीचा असतो, कारण भरवण्याची मेहनत आणि पिल्लू दगावण्याची जोखीम दोन्ही गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतात. पातळ खाणे थोडे जास्त गरम झाले तर पिल्लाच्या गळ्यातली पिशवी भाजते, थंड झाले तर ते तिथेच आंबते, आणि सिरिंजची दिशा चुकली तर खाणे थेट फुप्फुसात जाते. स्वतः खायला शिकलेल्या पिल्लाला माणसाचा लळा लागत नाही, हे खोटे आहे. आम्ही परत फिरलो आणि दुसऱ्या एका पाळणाऱ्याकडे, पिल्लू चार महिन्यांचे होऊन आपले आपण खाईपर्यंत थांबलो. मध्यंतरी चार वेळा तिथे जाऊन नुसते बसून आलो. नर की मादी हे या जातीत बाहेरून कळत नाही, त्यामुळे पिसावरून डीएनए चाचणी करून घेतली. ती मादी निघाली. अंगाचा रंग राखेचा, शेपूट लालभडक. नाव राखी ठेवले.

कायद्याचे थोडक्यात सांगते. आपला हिरवा राघू घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो कुणी कितीही प्रेमाने पाळलेला असो. आफ्रिकन ग्रे विदेशी असल्याने तो ठेवता येतो, पण त्याची नोंदणी करावी लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या केंद्राच्या नियमांनुसार पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परिवेश या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याने कागद देण्यास टाळाटाळ केली, तर तिथून उठावे.

खरी तयारी स्वयंपाकघरात झाली. नॉनस्टिक भांड्याचा लेप फाजील तापला की त्यातून जो वायू सुटतो, तो आपल्या नाकाला जाणवलाही नाही तरी पोपट काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते आणि त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे प्राणवायू फार कार्यक्षमतेने शोषला जातो, जी उडण्यासाठी मोठी सोय आहे, पण विषही तितक्याच चपळाईने शोषले जाते. आमच्याकडे दोन तवे, एक कढई, अप्पेपात्र आणि सँडविच टोस्टर अशी पाच वस्तूंची फौज होती. ती सगळी काढून टाकली आणि बिडाचा तवा आणला. पहिले पंधरा दिवस एकही डोसा अखंड निघाला नाही.

भांड्यांपेक्षा अवघड प्रश्न देवघराचा होता. सासूबाईंचे वय ७८, रोज सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप आणि शनिवारी कापूर हा त्यांचा नेम चाळीस वर्षांचा. "अगं, पाखरासाठी देवाचा धूप बंद करायचा?" असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मी ते घाईने दिलेही नाही. मी त्यांना त्या पाळणाऱ्याकडे घेऊन गेले. तिथे एका मोठ्या करड्या पोपटाने त्यांच्याकडे मान तिरकी करून बराच वेळ एका डोळ्याने पाहिले. घरी येताना रिक्षात त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनीच तोडगा काढला: देवासमोर तुपाचे निरांजन, आणि धूप लावायचाच झाला तर मागच्या गॅलरीत, दार लावून. डासांची कॉइल, झुरळांचा फवारा, डांबराच्या गोळ्या आणि यजमानांचे अत्तर या गोष्टींना मात्र असा काही पर्याय निघाला नाही. त्या घराबाहेर गेल्या. खिडक्यांना जाळ्या लावल्या, ज्यांनी डासही अडतात आणि पक्षीही.

आपल्याकडे मोकळ्या सोडलेल्या पक्ष्याला मोठा धोका छताच्या पंख्याचा. दिवाणखान्यातल्या पंख्याच्या बटणावर आम्ही लाल चिकटपट्टी लावली आणि भिंतीवरचा पंखा घेतला. हे पक्षी येण्याच्या तीन महिने आधी केले, म्हणजे दिवाणखान्यात शिरताच पंख्याच्या बटणाकडे जाणारा हात आधी सुटेल. माझा सुटायला दोन महिने लागले.

या जातीच्या अंगावर पिठीसारखी भुकटी असते आणि ती घरभर उडते. काळ्या टेबलावर दोन दिवसांत बोटाने नाव लिहिता येते. माझ्या यजमानांना लहानपणी दमा होता. म्हणून पक्षी असलेल्या एका घरी आम्ही तीन वेळा, प्रत्येकी दोन-दोन तास, मुद्दाम खिडक्या लावून बसलो. त्यांना काही झाले नाही. झाले असते, तर विषय तिथेच संपला असता. या चाचणीला पैसे लागत नाहीत आणि तरीही ती जवळजवळ कुणी करत नाही.

खाण्याबद्दल आपल्या डोक्यात पेरू आणि हिरवी मिरची पक्की बसलेली असते. तेवढे चूक नाही. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे राखी ती बियांसकट मिटक्या मारत खाते. चूक आहे ती सूर्यफुलाच्या बियांची वाटी भरून ठेवण्यात. या जातीत रक्तातले कॅल्शियम घटून झटके येण्याची प्रवृत्ती असते आणि नुसत्या बियांवर वाढवलेला पक्षी त्या वाटेने लवकर जातो. आमच्याकडे पोपटांसाठी बनवलेल्या गोळ्यांच्या खाद्यासोबत शेवग्याचा पाला, मोड आलेली नाचणी आणि मूग, गाजर, लाल भोपळा असे असते. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारट काहीही वर्ज्य, आणि "चिवड्याचा एकच दाणा देते हं" म्हणणाऱ्या पाहुण्यांवर डोळा ठेवणे हे वेगळे काम. सकाळचे कोवळे ऊन काचेतून नव्हे, उघड्या जाळीतून मिळायला हवे, कारण कॅल्शियम अंगी लागण्यासाठी जे किरण लागतात ते काच अडवते.

पशुवैद्य आधी शोधला, पक्षी नंतर आणला. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पक्षी तपासणारे डॉक्टर थोडे. आमचे डॉक्टर घरापासून १९ किलोमीटरवर आहेत आणि तो रस्ता आम्ही एकदा संध्याकाळच्या गर्दीत मुद्दाम जाऊन पाहिला. त्यांनी पहिल्याच भेटीत औषधाच्या आधी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यायला सांगितला. राजाचा पोपट खात नाही, पीत नाही, डोळे उघडत नाही, पण तो मेला असे म्हणण्याची कुणाची छाती होत नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. खरा पोपट त्या दरबाऱ्यांहून पक्का. शिकारी प्राण्याला आपला अशक्तपणा दिसू नये म्हणून तो दुखणे अखेरपर्यंत लपवतो, खाण्याचे सोंग करतो, आणि फुललेल्या पिसांत बसलेला दिसेपर्यंत बरेच हातचे गेलेले असते. वजन मात्र सोंग करत नाही. राखी रोज सकाळी काही खाण्याआधी काट्यावरच्या लाकडी दांडीवर चढते, आणि ग्रॅममधला आकडा फ्रीजवरच्या कागदावर लिहिला जातो: ४२६, ४२४, ४२७. मागच्या पावसाळ्यात तो चार दिवसांत ४०३ वर आला. पक्षी हसत-खेळत होता, तरी आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि संसर्ग सुरुवातीलाच सापडला.

पिंजरा तीन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच आहे. गजांमधले अंतर पाऊण इंच. जस्ताचा मुलामा दिलेला स्वस्त पिंजरा घेऊ नये, कारण हे पक्षी गज चावतात आणि जस्त पोटात जाते. दांड्या पेरूच्या फांद्यांच्या, कमी-जास्त जाडीच्या. इतकेच.

तो पिंजरा आणल्यावर आम्ही एक प्रकार केला, ज्याला शेजारी अजून हसतात. एक महिना पिंजरा रिकामा ठेवून सगळी कामे केली. सकाळी सातला त्यावरचे कापड काढायचे, पाला धुऊन चिरायचा, वाटीत ठेवायचा, दोन तासांनी फेकायचा, तळाचा कोरडा करकरीत कागद बदलायचा, आणि संध्याकाळी दीड तास घरातल्या कुणी तरी पिंजऱ्याशेजारी बसायचे. पक्ष्याला १०-१२ तास झोप लागते म्हणून साडेसातला त्या खोलीत अंधार, टीव्ही बंद. नवव्या दिवशी यजमानांनी "आज राहू दे ना" म्हटले, तेव्हा मी कॅलेंडरवर फुली मारली. महिनाअखेर सात फुल्या होत्या, पाच त्यांच्या आणि दोन माझ्या. आम्ही पक्षी आणणे दोन महिने पुढे ढकलले आणि मी कामाच्या वेळा बदलून घेतल्या.

आता बोलण्याविषयी. प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोच्या दुकानातून घेतलेला याच जातीचा पोपट अ‍ॅलेक्स रंग, आकार आणि सहापर्यंतची संख्या ओळखून इंग्रजीत उत्तर देई, आणि त्याच्यामुळे या जातीबद्दल 'पोपटपंची' हा शब्द वापरताना आपण जरा जपून राहावे, असे मला वाटते. पण तो २००७ मध्ये, ३१ व्या वर्षी गेला तोपर्यंत त्याच्याशी बोलायला, त्याला शिकवायला माणसे रोज तासन्‌तास हजर असत. तितकीच बुद्धी असलेला पक्षी दिवसभर एकटा पडला, की स्वतःची पिसे उपटू लागतो. छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी पडलेला एक करडा पोपट मी पाहिला आहे, आणि त्याचे घर खाऊनपिऊन सुखी होते. राखीला मी सहा महिने "या, बसा" शिकवत होते. ती ते बोलत नाही. ती कुकरच्या शिट्ट्या मोजून तीन काढते, आणि सासूबाईंचा पहाटेचा खोकला इतका हुबेहूब खोकते, की फोनवर माणसे त्यांच्या तब्येतीची चौकशी करतात.

तुम्ही घ्यावा की नाही, हे मी कसे सांगणार? येत्या रविवारी भाची येणार आहे, तेव्हा तुम्हीही दोन तास या. अत्तर लावू नका, भुकटी दिसेल असा काळा सदरा घाला, आणि घरातल्या ज्याला पटकन शिंका येतात त्याला सोबत आणा.