जरा उचलून लाव

रविवारी दुपारी जेवून आडवा झालो तेवढ्यात स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला. टप्. मग आता थांबला वाटेपर्यंत काही नाही. मग टप्. प्लंबरला फोन केला तर तो म्हणाला, "यायचे तीनशे, काम बघून पुढचं." वायसर मिळतो दहा रुपयांना. या हिशेबापायी आजवर कितीतरी शहाणी माणसं रविवार घालवून बसली असतील. मी उठलोच.

वायसर आणायला गेलो तेव्हा हार्डवेअरवाल्याने विचारलं, "नमुना आणलाय?" नमुना नळातच होता. अंदाजाने पाऊण इंची आणला, नळ अर्धा इंची निघाला. दुसरी फेरी पान्यासाठी, कारण घरातल्या पकडीने नट सुटेना, नुसता सोलवटला. पान्याने सुटला, पण तेवढ्यात आतले आटे गेले. शिवाय पाणी बंद करायचा कॉक दहा वर्षांत कोणी हलवलेला नव्हता, तो निम्माच फिरला. मग स्वयंपाकघरात जे झालं ते सांगत नाही. तिसऱ्या फेरीत अख्खा नळ आणि टेफ्लॉन टेप आणला. एकूण खर्च मी घरात सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

पण नळ बसला! जरासा तिरका बसला, पण गळत नाही. मी सगळ्यांना बोलावून तो दाखवला आणि वर सांगितलं, "फक्त पाऊण फेऱ्याच्या पुढे फिरवायचा नाही." बायको म्हणाली, "म्हणजे आता यालाही सूचना."

यालाही! मी तिथेच ओट्याला टेकून राहिलो. आमचं साताऱ्याचं घर म्हणजे नुसत्या सूचना होत्या. बाबांनी घरात कधी माणूस लावला नाही, सगळं स्वतः केलं आणि प्रत्येक दुरुस्तीला एक नियम चिकटवून ठेवला. मधलं दार जरा उचलून लावायचं. कपाटाचा खालचा खण आधी आत ढकलायचा, मग ओढायचा. न्हाणीघराची कडी काढताना दार अंगाकडे घ्यायचं. आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं, हातांना येत होतं. पाहुण्यांना येत नसे. एकदा मावशी अर्धा तास न्हाणीघरात अडकली. बाबा बाहेरून सांगताहेत, "अंगाकडे घ्या, अंगाकडे!" आणि ती आतून, "भावोजी, आधी सुतार बोलवा!" सुतार बोलावला नाहीच. मावशी पुढे कधी राहायला आली तरी कडी लावत नसे, बाहेर कोणाला तरी उभं करी.

विजेच्या बाबतीत बाबा शूर होते, शहाणे नव्हते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यांनी चिनी मातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खोक्यात, तार दुहेरी पिळून घातली. तो उडायचा थांबला, आणि मग एके दिवशी भिंतीतलं बटणच काळं पडलं.

चुना मात्र त्यांचा बघण्यासारखा. दिवाळीच्या आठवडाभर आधी कळीचा चुना यायचा. पत्र्याच्या डब्यात खडे, वरून पाणी. खाली जाळ नाही, काही नाही, आणि डबा तडतडायला लागायचा, वाफा, बुडबुडे, हात लावू नये असा गरम. आम्हा पोरांना डोळ्यांत उडेल म्हणून उंबऱ्याच्या आत यायची बंदी. दुसऱ्या दिवशी तो आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचा, त्यात नीळ आणि डिंकाचं पाणी. कुंच्याचा पहिला हात दिला की भिंत होती त्याहून मळकी दिसायची. मला दर वर्षी वाटायचं, या वर्षी फसलं. बाबा म्हणायचे, "वाळू दे." आणि ती दुपारभरात उजळत जायची. पुढे शाळेत कळलं, चुनखडी भाजून कळी होते, आणि भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू परत चुनखडी होतो. म्हणजे आम्ही दर दिवाळीला भिंतीवर दगड सारवत होतो. पण बाबा डिंकात काटकसर करायचे, त्यामुळे दगड होईपर्यंत तो आमच्या सदऱ्यांवर यायचा. म्हणून इथेही नियम. होळीपर्यंत भिंतीला पाठ टेकायची नाही. कपाटामागे तर कुंचा कधी गेलाच नाही. तिथे कोण बघतंय?

बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्यांचे स्क्रू, वाकडे खिळे, एक बिजागरी, फ्यूजच्या तारेचं भेंडोळं. "लागेल कधीतरी." तो डबा आता माझ्याकडे आहे. नळाच्या कामात त्यातलं काहीही लागलं नाही. उरलेला पाऊण इंची वायसर त्यातच टाकलाय.

बाबा गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी साताऱ्याला सुतार लावला. त्याने मधल्या दाराच्या बिजागऱ्या बदलल्या, खालून थोडं रंधून काढलं. अर्ध्या तासात दार एका बोटाने लागायला लागलं. चाळीस वर्षांचा प्रश्न, अर्धा तास. मला जरा रागच आला, कोणाचा ते कळलं नाही.

गेल्या महिन्यात दार पुन्हा कुरकुरायला लागलं म्हणून तोच सुतार आला. आईला दार लावायला सांगून तो बाजूला उभा राहिला.

"काकू, असं उचलून लावलंत तर बिजागऱ्या परत सैल होणार."

"हो का?" आई म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला आत जाताना तिने दार जरा उचलून लावून घेतलं.