शाळेचे तास वाढवा म्हणता, पण कुठल्या शाळेचे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ही चर्चा ठरलेलीच. मुलं दीड महिना घरी बसून मोबाइल बघतात, शिकलेलं विसरतात, मग सुट्टी कमी करा. शाळा पाचला सुटते, आई-बाप सातला घरी येतात, मग शाळा सहापर्यंत ठेवा. सातारा किंवा सांगली शहरातल्या सोसायटीत बसून हे पटतंही. जतच्या वस्तीशाळेत किंवा पाटणच्या डोंगरातल्या वाडीत तेच गणित जमत नाही. का जमत नाही, ते आकड्यांत मांडतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन लिहिलेलं आहे. म्हणजे लहान वर्गांना दिवसाला ४ तास, मोठ्यांना साडेचार. आपल्याकडचा नियम त्याहून कडक आहे. वर्षात सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाऊ नयेत आणि कामाचे दिवस किमान २३० भरावेत.

आता जिल्हा परिषदेची साधी प्राथमिक शाळा घ्या. साडेदहा ते पाच, म्हणजे ३९० मिनिटं. परिपाठ २०, हजेरी १०, जेवणाची सुट्टी ६०, दोन छोट्या सुट्ट्या १०-१० मिनिटांच्या. उरली २८० मिनिटं, ३५ मिनिटांच्या ८ तासिका. शनिवारी सकाळची शाळा, ३० मिनिटांच्या ५ तासिका. आठवड्याचे पावणेसव्वीस तास झाले. २३० दिवसांचे ९९० च्या आसपास. मार्चअखेरपासून पाच आठवडे सकाळची शाळा धरली तर त्यातले तीसेक तास कमी होतात. तरी ९६० उरतात. कायदा ८०० मागतो. कागदावर आपण पुढेच आहोत.

पण ही शाळा द्विशिक्षकी आहे. ६० मुलांच्या पटापर्यंत दोनच शिक्षक मंजूर, आणि डोंगरी व दुष्काळी तालुक्यांत पहिली ते चौथीच्या कितीतरी शाळा याच गटातल्या. एका शिक्षकाकडे दोन वर्ग. तो दुसरीला वजाबाकी शिकवतो तेव्हा पहिली फळ्यावरचं उतरवून घेत असते. म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवणं येतं निम्मं, ४८० तास. कायद्याचे ८०० तास शाळा भरल्याचे असतात, मुलाकडे बघून शिकवल्याचे नसतात.

या शाळेचा दिवस अर्ध्या तासाने वाढवला तर? शनिवार आणि सकाळच्या शाळेचे दिवस सोडून १६५ दिवस, म्हणजे ८२ तास. प्रत्येक वर्गाला ४१. त्याऐवजी मे महिन्यातले दोन आठवडे शाळा भरवली, सकाळी साडेतीन तास, तर १२ दिवसांचे ४२ तास. वर्गाला २१. तेही सगळी मुलं आली तर, आणि मे महिन्यात ती येत नाहीत. लग्नसराई, जत्रा, मामाचं गाव.

तिसरा हिशोब कोणी मांडत नाही. दोनपैकी एक शिक्षक प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला, केंद्रावर (आसपासच्या शाळांच्या गटाच्या मुख्य शाळेत) माहिती द्यायला किंवा रजेवर गेला की उरलेल्याकडे चार वर्ग. त्या दिवशी प्रत्येक वर्गाला पाव वेळ मिळतो. वर्षात असे २० दिवस धरा. ९३ तासांतून वर्गाला ४७ मिळायचे ते २३ मिळाले. हे २० दिवस वाचवले तर जवळजवळ २३ तास परत येतात. म्हणजे मे महिन्यातल्या दोन आठवड्यांपेक्षा जास्त, आणि तेही उन्हात एकही मूल न बसवता. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला लावता येतात. बाकीचं थांबवायला नवा कायदा लागत नाही. शाळांच्या अशा प्रत्येक केंद्रात एक फिरता शिक्षक ठेवला आणि एका शाळेतले दोघे एकाच दिवशी बाहेर जाणार नाहीत एवढं केंद्रप्रमुखाने पाळलं तरी बरंच साधतं. दिवस वाढवा म्हणणाऱ्यांनी आधी शिक्षक कुठे, कधी गेले याची नोंद असलेलं शाळेचं हालचाल रजिस्टर मागून बघावं. त्यात सगळं लिहिलेलं असतं.

दिवस वाढवण्यातल्या बाकीच्या अडचणी ठळक आहेत. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असते, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. दुपारी दीडला खाल्लेलं हे अन्न साडेचारला संपलेलं असतं. सहापर्यंत थांबवायचं तर दुसरा खाऊ हवा, त्याचा शिधा हवा, स्वयंपाकी-मदतनीस ताईंचे तास वाढणार म्हणून मानधन हवं. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचवीनंतर दुसऱ्या गावी शिकणाऱ्या मुली एसटीच्या मोफत पासवर येतात. शाळेची वेळ बदलली आणि गाडीची बदलली नाही, तर वाढवलेल्या शेवटच्या तासाला बाकं रिकामी दिसतील. आणि सातवा-आठवा तास कोणता विषय घेतो बघा: बहुतेक ठिकाणी कार्यानुभव, चित्रकला, खेळ, कारण त्या वेळी गणित डोक्यात शिरत नाही. वाढवलेला नववा तास त्याच रांगेत जाऊन बसणार.

शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. शहरातल्या दोन पाळ्यांच्या शाळांची त्याने तारांबळ उडाली. खेड्यातली शाळा मुळातच साडेदहाची. एका फटक्यात सगळ्या राज्याला लागू केलेल्या वेळेचं असंच होतं.

आता सुट्टी. सुट्टीत विसरतात हे खरं का? अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून साधारण महिनाभराच्या शिकण्याइतकी घसरण दाखवली. आकडेमोड आणि स्पेलिंगमध्ये ती जास्त होती. पुढे पॉल वॉन हिप्पेल यांनी जुन्या चाचण्यांच्या गुणमोजणीतच खोट असल्याचं दाखवून त्या आकड्यांवर शंका घेतली. शिवाय तिथली सुट्टी दहा आठवड्यांच्या आसपासची, आपली सहा. त्यामुळे तिथला निष्कर्ष उचलून इथे चिकटवण्यात अर्थ नाही. पण जूनमध्ये वर्गावर उभं राहणाऱ्याला काय निसटलेलं दिसतं, ते ठरलेलं आहे: हातच्याची वजाबाकी, भागाकार, बाराच्या पुढचे पाढे, जोडाक्षरांचं लेखन. ज्याला वाचता येतं त्याचं वाचन फारसं मागे जात नाही. जो अक्षरं जोडत होता, तो मात्र पुन्हा अक्षरांवर येतो. म्हणजे घसरण सगळ्या वर्गाची नसते, काठावरच्या मुलांची असते. त्यांच्यासाठी सगळ्या राज्याची सुट्टी कापणं म्हणजे दोन वाफ्यांना पाणी हवं म्हणून अख्ख्या शिवाराला पाट सोडणं.

आणि काही मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीने काहीच फरक पडत नाही. माण, आटपाडीकडची मेंढपाळांची मुलं दिवाळीच्या सुमारास कळपाबरोबर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ऊसतोडीची मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल फडावर. तासगाव, कवठेमहांकाळला द्राक्षं आणि बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, नेमका परीक्षेच्या आधी. ही मुलं गैरहजर असतात ती शाळा चालू असताना. स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, आई-बाप बाहेर असताना मुलाला गावातच राहता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे. यांच्यासाठी त्यावर लक्ष द्यायला हवं, मे महिन्यावर नव्हे.

सुट्टी किती यापेक्षा ती कुठे पडते यावर आपल्या दोन जिल्ह्यांत जास्त बोलायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, त्याच जिल्ह्यात दहिवडीला जेमतेम पाचशे. सांगलीत शिराळ्याचा चांदोलीकडचा भाग भिजत असतो तेव्हा जत, आटपाडी टँकर मोजत असतात. साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या अतिवृष्टीच्या, दुर्गम भागातल्या काही शाळांना पावसाळ्यात सुट्टी देऊन उन्हाळ्यात शाळा भरवण्याची पद्धत आहे. ओढे भरलेले, दरड कधी येईल सांगता येत नाही, भिंती ओल्या, अशा जुलैत शाळा भरवून हजेरी लागत नाही. मे महिन्यात तिथली हवा मात्र माणदेशासारखी भाजत नाही. सुट्टी जागेप्रमाणे हलवता येते, याचा हा घरचाच दाखला.

मात्र ही पद्धत इतर ठिकाणी न्यायची तर कुठे अडतं ते आधी बघा. राज्याचं सगळं वेळापत्रक जूनच्या शाळेला धरून असतं: पाठ्यपुस्तकं, संकलित चाचण्या, प्रशिक्षणं, बदल्या. मे महिन्यात शाळा भरली आणि त्याच महिन्यात बदल्यांचे आदेश निघाले की शाळा शिक्षकाविना. तांदळाची मागणी तीन-चार आठवडे आधी नोंदवली नाही तर मे महिन्यात चूल पेटत नाही. कृष्णाकाठची गोष्ट आणखी वेगळी. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. अशा वेळी शाळा बुडतात आणि ज्या बुडत नाहीत त्या पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला जातात. पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतल्या नदीकाठच्या शाळांनी दिवाळीच्या सुट्टीतले चार-पाच दिवस पुरासाठी राखून ठेवावेत आणि पूर आलाच नाही तर दिवाळीत द्यावेत, असं माझं मत आहे. आज पुरात गेलेले दिवस रविवारी शाळा भरवून भरून काढतात. त्या रविवारची हजेरी कशी असते ते गावाला विचारा.

जत, आटपाडी, माण, खटावला एप्रिलचा दुसरा पंधरवडा खरा कठीण. पत्र्याच्या वर्गात साडेदहानंतर बसवत नाही, पाणी टँकरचं, स्वच्छतागृह त्यामुळे बंद. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर २५ एप्रिलपर्यंत नेल्या. हेतू बरोबर होता: परीक्षा दहा तारखेला संपली की मुलं यायची थांबतात आणि एप्रिलचा निम्मा महिना कागदावरच भरतो. पण उपाय सगळीकडे एकच लावला. निकाल एक मे रोजी आणि हातात चार-पाच दिवस, त्यामुळे पेपर तपासणी उरकली गेली ती वेगळीच.

याला शाळेच्या पातळीवर एक सोपा तोडगा आहे. लेखी परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपवा आणि तोंडी व प्रात्यक्षिक शेवटी ठेवा. मुलाला तोंडीसाठी यावंच लागतं. प्रत्येकाला ३ ते ५ मिनिटं द्या: एक परिच्छेद वाचून घ्यायचा, एक हातच्याची वजाबाकी, एक भागाकार. २० मुलांच्या वर्गाला दीड तास पुरतो. सकाळी सातला सुरू केलं तर साडेनऊला मुलं घरी. हाती उरते ती यादी: अक्षरावर कोण, शब्दावर कोण, परिच्छेदावर कोण. हीच यादी सुट्टीत कामाला येते, आणि ती नसली तर सुट्टीतला कुठलाही उपक्रम हुशार मुलांचाच होतो.

बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनी 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या पद्धतीने महिनाभर शिबिरं घेतली. इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट केले, आणि मुलांचं वाचन सुधारलं. तेच शिक्षक वर्षभर वर्गातही होते. फरक गटवारीचा होता.

आपल्याकडे याला शिक्षकाची सुट्टी मोडावी लागत नाही. शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यापासून बऱ्याच गावांत मुलांच्या आयांचे माता गट झालेले आहेत. बारावी झालेली एक मुलगी किंवा मुलगा, काठावरची १० ते १२ मुलं, सकाळी आठ ते पावणेनऊ, देवळाच्या मंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात. पहिली १० मिनिटं मोठ्याने वाचून दाखवणं, २० मिनिटं गटात वाचन, १५ मिनिटं काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घेऊन बेरीज-वजाबाकी. आठवड्याला ५ दिवस, ४ आठवडे. एकूण १५ तास होतात, पण १२ मुलांना एकाच पातळीवर मिळालेले १५ तास हे द्विशिक्षकी वर्गातल्या तिप्पट तासांना भारी पडतात.

हे फसतं ते क्षुल्लक कारणांनी. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गुरुजींबरोबर गावी जाते. ती मुद्दाम कोणी नेत नाही. पुस्तक हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला) उत्तर द्यावं लागतं, ही भीती असते. सुट्टीआधी ३० पातळ, चित्रांची पुस्तकं पिशवीत घालून माता गटाच्या नावावर लिहून द्यावीत, आणि त्यातली पाच फाटणार हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच ठराव करून मान्य करून टाकावं. दुसरं, सुट्टीचा अभ्यास म्हणून पन्नास पानं शुद्धलेखन. ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांत, बहुतेक वेळा मोठ्या बहिणीच्या अक्षरात पूर्ण होतं. ते बंदच करावं.

दुष्काळ जाहीर झालेल्या भागात सुट्टीतही पोषण आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला होता. तशा वर्षी माण-खटाव किंवा जत-आटपाडीत आहार वाटपाची वेळ आणि वाचनाची वेळ जोडली की मुलं गोळा करण्याची वेगळी धडपड लागत नाही. खिचडी साडेआठला तयार ठेवावी, बाराला नको. उन्हात ताट घेऊन घरी जाताना लहान मुलं अर्धं सांडतात.

एवढं करूनही कुठे सुट्टी कापायचीच असेल, तर शिक्षकांच्या रजेचा हिशोब त्याच आदेशात लिहावा. दीर्घ सुट्टी मिळते म्हणून शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांसारखी अर्जित रजा (कामाच्या बदल्यात खात्यावर साठणारी रजा) मिळत नाही. सुट्टीत काम लावलं की ती प्रमाणात जमा करावी लागते, आणि सेवापुस्तकात त्याच वर्षी नोंद झाली नाही तर निवृत्तीच्या वेळी ती शोधून सापडत नाही. जिल्ह्याच्या आदेशात हे वाक्य नसलं की पुढच्या वर्षी सुट्टीतल्या वर्गाला कोणी नाव देत नाही.