फायब्रॉइडचं ऑपरेशन पोटाचं, लुळं पडलं पाऊल : माझा अनुभव

दुर्बिणीतून फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, काढले. दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागले तर उजव्या पायातली चप्पल सारखी निसटायची, बोटं फरशीला घासायची. टाच टेकवून पाऊल वर उचलायला गेले, तर उचलेचना. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर. हा अशक्तपणा नव्हे, फूट ड्रॉप, म्हणजे पाऊल वर उचलता न येणं. भूल उतरल्यावरही एकाच पायात, ठरावीक पट्ट्यात बधिरपणा राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना पाऊल उचलून दाखवा.

ऑपरेशनभर दोन्ही पाय आधारांवर उचलून ठेवलेले असतात. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा टणक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या लगेच खाली कॉमन पेरोनियल नस हाडाला वळसा घालते. तिच्यावर कातडी आणि जराशी चरबी, बस्स. आधाराची कड तिथे तासन्‌तास रुतली की नस चेपते. फायब्रॉइड मोठे किंवा बरेच असले की ऑपरेशन लांबतं, धोकाही वाढतो.

न्यूरॉलॉजिस्टनी पाऊल आत वळवायला लावलं. ते जोरात वळलं. कमरेत एल-५ (मणक्यातून पायाकडे जाणारी नस) दबली असती तर तिथेही जोर कमी पडला असता; म्हणजे बिघाड गुडघ्यापाशीच. सुईची ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातले विद्युत संदेश मोजणारी तपासणी, मात्र तीन आठवड्यांनी केली; तंतू तुटल्याच्या खुणा स्नायूत उमटायला तेवढे दिवस लागतात, त्याआधीचा नॉर्मल रिपोर्ट फसवा असू शकतो. माझ्या नसेचं आवरण चेपलं होतं, तंतू शाबूत होते. असं दुखणं बहुधा काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत भरून येतं. तंतू तुटले तर नवी वाढ दिवसाला जेमतेम १ मिमी.

तोवर चालताना एएफओ स्प्लिंट, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार. पावलाला टॉवेल अडकवून ३० सेकंद ताण, दिवसातून बऱ्याचदा, नाहीतर पोटरी आखडते आणि नस सुधारली तरी पाऊल वर येत नाही. पायावर पाय टाकणं, उकिडवं बसणं बंद. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. स्प्लिंटने कातडी सोलली का, हे रोज रात्री बघायचं. सहाव्या आठवड्यात पाऊल बोटभर उचललं, अंगठा त्यानंतर.

लघवी अडली किंवा जांघांमधली जागा बधिर झाली, तर थांबायचं नाही, तडक इमर्जन्सीत. पोटरी सुजून दुखली तरी तसंच, तिथे रक्ताची गाठ असू शकते.