कोचचं उत्तर का येत नाही?

अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सी-मेरीलँडकडे राहणारे मराठी आईवडील लॅक्रोसबद्दल (जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा सांघिक खेळ) बऱ्याचदा विचारतात: "मुलगी आठवीत आहे, लॅक्रोस चांगली खेळते. कॉलेजच्या कोचना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. उशीर झाला का?"

उशीर अजिबात झालेला नाही. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी एनसीएए ही संस्था कॉलेजांचे तीन गट करते; त्यांतल्या सर्वांत वरच्या, डिव्हिजन वनच्या कोचला उत्तर द्यायची परवानगीच नाही. मुलगी अकरावीत गेल्यावर येणाऱ्या १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी किंवा तुमच्याशी प्रवेशाबद्दल फोन, मेल, मेसेज काहीही करता येत नाही. कॅम्पस बघायला जाता येतं, पण कोचला भेटून त्या विषयावर बोलता येत नाही. डिव्हिजन टूमध्ये ही तारीख दहावी संपल्यावरची १५ जून आहे. डिव्हिजन थ्रीचे कोच फोन-मेलवर त्याआधीही बोलू शकतात.

डिव्हिजन वनचा हा नियम एप्रिल २०१७ मध्ये आला आणि तो लॅक्रोसच्या कोचसंघटनांनीच मागून घेतला. त्याआधी आठवी-नववीतली मुलं तोंडी 'कमिट' होत, म्हणजे एखाद्या कॉलेजकडून खेळायचा शब्द देत. तेराव्या वर्षी उंची ठरलेली नसते, हायस्कूलचे मार्क तर सुरूही झालेले नसतात. शिवाय तोंडी शब्द कुणालाच बांधत नाही. कोच नोकरी बदलून गेला की नवा कोच तो पाळेलच असं नाही. मुलांच्या दृष्टीने हा नियम फार चांगला आहे, असं माझं ठाम मत आहे.

घोळ होतो तो एका गोष्टीने. या काळातही कॉलेज प्रश्नावली आणि कॅम्पची माहितीपत्रकं पाठवू शकतं. ती मोठ्या यादीला जातात. त्यांना पसंती समजून दर उन्हाळ्यात कॅम्पवर पैसे घालवू नका. क्लबच्या (शाळेबाहेरच्या संघाच्या) कोचकडून आलेला "कॉलेजच्या कोचना ती आवडलीय" हा निरोपही ऑफर नव्हे.

मग तोवर काय करायचं? सगळ्यात आधी अभ्यासाचे विषय बघा, कारण इथली चूक नंतर दुरुस्त होत नाही. डिव्हिजन वनला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स, लागतात: इंग्रजी ४, गणित ३ (अल्जेब्रा वन किंवा वरचं), विज्ञान २, सामाजिक शास्त्र २, आणि उरलेले ५ ठरलेल्या विषयांमधून. त्यांतले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. या कोर्सचा जीपीए (४ पैकी सरासरी गुण) किमान २.३ लागतो, पण तो फक्त खेळायच्या पात्रतेपुरता. चांगल्या कॉलेजांची अपेक्षा खूप वर असते. शाळेचा प्रत्येक कोर्स एनसीएएच्या मान्य यादीत आहे का, हे नववीतच तपासा.

कोच उत्तर देत नसला तरी मेल वाचू शकतो, सामनेही बघू शकतो. म्हणून दहावीपासून स्पर्धेच्या आठवडाभर आधी छोटा मेल पाठवा. तो मुलीने स्वतः लिहावा. विषयाच्या ओळीत हायस्कूल संपण्याचं वर्ष, पोझिशन, क्लब; आत जर्सी नंबर, सामन्यांच्या वेळा, मैदान क्रमांक. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला ती कुठली हे बाणाने दाखवा. नुसते गोल नकोत. ग्राउंड बॉल (जमिनीवरचा चेंडू उचलणं), ड्रॉ (खेळ सुरू करताना चेंडूसाठीची झुंज), बचाव आणि डाव्या हाताने खेळलेले चेंडू दिसले पाहिजेत. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्या, कारण चूक झाल्यावर ती काय करते हेही कोचला बघायचं असतं.

१ सप्टेंबरला फोन आला नाही म्हणजे दार बंद झालं असं नाही. कोच आधी आपल्या यादीतल्या वरच्या मुलींशी बोलतात, त्यांच्या होकार-नकारानंतर पुढे सरकतात. फोन आला तर थेट विचारा: ही ऑफर आहे का? पैसे किती, किती वर्षांसाठी, लेखी कधी मिळेल? तिच्याच वर्षीच्या भरतीत त्याच पोझिशनवर किती जणी घेणार? शेवटचा प्रश्न आता जास्तच महत्त्वाचा. २०२५ पासून, खेळाडूंना कॉलेजने थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांत मुलींच्या संघाला ३८ आणि मुलांच्या संघाला ४८ खेळाडूंची मर्यादा आहे.

आयव्ही लीग (हार्वर्ड-येलसारखी आठ कॉलेजं) आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तिथे मदत कुटुंबाच्या उत्पन्नावर मिळते, डिव्हिजन थ्रीत बऱ्याच ठिकाणी मार्कांवरही. तिथल्या कोचला विचारा, की अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात प्रवेश कार्यालयाकडून मार्कांचं 'प्री-रीड' (अर्जाआधीच प्रवेशाची शक्यता तपासणं) करून मिळेल का, आणि खर्चाचा अंदाज अर्ली डिसिजनचा (प्रवेश मिळाल्यास तिथेच जायचं बंधन असलेला) अर्ज भरण्याआधी मागून घ्या.